वहीत बरोबर, पेपरात चूक: इंग्रजीतली तीच ती चूक परत येते तेव्हा

तक्रार साधारण अशी असते. मुलगी सातवी-आठवीत आहे, गृहपाठाची वही नीटनेटकी आहे, व्याकरणाच्या पानांवर बरोबरच्या खुणा आहेत. घटक चाचणीत मात्र "शी गो", "डिड यू वेन्ट", "आय ॲम नो" हेच परत. बाई चूक दुरुस्त करून देतात, मुलगी ते वाक्य पाच वेळा लिहून आणते, आणि पुढच्या पेपरात तीच चूक पुन्हा हजर. घरचे म्हणतात, पोरगी लक्ष देत नाही. शाळेत म्हणतात, सराव कमी पडतो. खान्देशातल्या मराठी शाळांची मुलं शिकवताना मला यातलं एकही कारण फारसं पटलेलं नाही. मूल लक्ष देतं, सरावही करतं. तो सराव भलत्या गोष्टीचा होतो, एवढंच.

गृहपाठाचं पान उघडून बघा. वर सूचना असते: कंसातल्या क्रियापदाचं साध्या वर्तमानकाळातलं रूप लिहा. खाली दहा वाक्यं. म्हणजे काळ कोणता, हे सूचनेनेच सांगून टाकलं. पहिल्या वाक्यात एस लावला की पुढेही लावत जायचं, मध्ये "दे" आलं की सोडायचं. ठरवायचं काही उरतच नाही. पेपरात पत्र, निबंध किंवा उताऱ्याचं उत्तर लिहिताना वर अशी सूचना नसते. कर्ता कोण, काळ कोणता, क्रिया संपली की चालू आहे, हे सगळं तिने स्वतः ठरवायचं असतं, आणि ठरवण्याचा सराव तिने केलेलाच नसतो. मग ती घरच्या भाषेचा आधार घेते. ते स्वाभाविक आहे. पण मराठी आणि अहिराणीतलं क्रियापद काही ठरावीक जागी इंग्रजीपेक्षा वेगळं वागतं आणि लाल शाई नेमकी त्याच जागी पडते.

तेव्हा गृहपाठाची वही बाजूला ठेवा आणि जुने तपासलेले पेपर काढा. मुलीने स्वतःच्या मनाने रचलेली वाक्यं जिथे आहेत तेवढंच बघायचं. चुकलेली वाक्यं एका कागदावर एकाखाली एक उतरवा. पंधरा-वीस चुका दिसतील, पण प्रकार पाहिलात तर तीन-चारच निघतील. त्यातला सर्वांत जास्त वेळा आलेला प्रकार उचला आणि तो सुटेपर्यंत दुसऱ्याला हात लावू नका. सगळ्या चुका एकदम दुरुस्त करायला गेलात तर मूल प्रत्येक शब्दाला घाबरतं आणि लिहिणंच थांबवतं.

मथळा झाकून सराव

हा उपाय सगळ्या प्रकारांना लागू आहे. पुस्तकातल्या वेगवेगळ्या धड्यांखालची वाक्यं घ्या, सरमिसळ करा, वरच्या सूचना झाका. प्रत्येक वाक्य लिहिण्याआधी मुलीने तीन प्रश्नांची उत्तरं तोंडी द्यायची: कोण करतंय? कधीचं आहे? झालेलं आहे, चालू आहे की नेहमीचं आहे? ही उत्तरं मराठीत द्या, अहिराणीत द्या, काही हरकत नाही. अक्कलकुवा-धडगावकडे घरी भिली किंवा पावरी बोलली जात असेल तर त्या भाषेत द्या. तिथल्या लेकराला मराठीसुद्धा शाळेत येऊन शिकावी लागते. इंग्रजी समजावायला आपण मराठी वापरली की त्याच्यावर दोन परक्या भाषा एकदम येतात, याची जाणीव शिकवणाऱ्याने ठेवायलाच हवी.

हे तीन प्रश्न विचारायला आई-वडिलांना इंग्रजी यावं लागत नाही, म्हणून मी त्यावर इतका भर देतो. राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं ते २००० साली. त्याआधी मराठी शाळेत शिकलेल्यांचं इंग्रजी पाचवीत सुरू व्हायचं. त्यामुळे बरेच पालक "आमचंच इंग्रजी कच्चं, आम्ही काय सांगणार" म्हणून गृहपाठापासून लांब राहतात. चुकीचा उगम मात्र इंग्रजीच्या आधी, ठरवण्याच्या पायरीवर आहे, आणि ती पायरी मातृभाषेत चढायची आहे. संध्याकाळी भाकरी थापता थापता "कोण करतंय? कधी?" एवढं विचारणारी आईसुद्धा निम्मं काम करून जाते.

"शी गो" आणि "आय गोज"

मुलगा स्वतःबद्दल म्हणतो "मी जातो", भावाबद्दल म्हणतो "तो जातो". मुलगी म्हणते "मी जाते", "ती जाते". रूप तेच. अहिराणीत तर "मी जास, तू जास, तो जास", आणि अनेकवचनात "जातस". म्हणजे "मी" आणि "तो" यांच्यासाठी क्रियापद वेगळं करायचं असतं, याची सवयच आपल्या मुलांच्या कानाला नाही. त्यात दुसरा गोंधळ असा की एस हे अनेकवचनाचं चिन्ह म्हणून आधी शिकवलेलं असतं: बुक, बुक्स. मग मुलगी विचार करते की आई तर एकच आहे, तिच्या क्रियापदाला एस कशाला? तिचा तर्क बरोबर आहे. इंग्रजीत नामाचा एस आणि क्रियापदाचा एस वेगळे आहेत, हे तिला कुणी सांगितलेलं नसतं.

सांगताना जोडीने सांगा: "गर्ल गोज, गर्ल्स गो". "बॉय प्लेज, बॉइज प्ले". एस एका बाजूला असला की सहसा दुसऱ्या बाजूला नसतो. "चिल्ड्रन", "मेन", "पीपल" ही अनेकवचनं एस न घेता येतात, ती वेगळी पाठ करून टाकायची. "आय" आणि "यू" यांना एस कधीच नाही. मग एकच वाक्य घ्या, समजा शेतात जाण्याचं, आणि फक्त कर्ता बदलत राहा: मी, आई, आई-बाबा, तू, आजोबा, बैल एक, बैल दोन. मुलीने प्रत्येक वेळी वाक्य मोठ्याने म्हणायचं. लिहायला लावू नका. "आई गो" हे तिच्याच कानाला खटकायला लागेल तोपर्यंत बोलणं चालू ठेवा. खटकायला लागलं की लिहिण्यातली चूक आपोआप कमी होते.

"डिड यू वेन्ट", "डज शी गोज"

मराठीत प्रश्न करताना शेवटी "का" जोडतो आणि क्रियापदाला हात लावत नाही: तू गेलास, तू गेलास का? मुलं तेच करतात, भूतकाळाचं क्रियापद तसंच ठेवून पुढे "डिड" जोडतात. इथे समजावायचं ते एवढंच: डोक्यावरचं ओझं "डिड"ने घेतलं की क्रियापदाचं डोकं मोकळं होतं. भूतकाळ "डिड"मध्ये गेला, म्हणून "वेन्ट"चं पुन्हा "गो" झालं. एस "डज"मध्ये गेला, म्हणून "गोज"चं "गो" झालं. नकारातही हेच: "शी डज नॉट गो", "आय डिड नॉट सी". ही चूक लवकर सुटते.

"मी काल जळगावला गेलो होतो"

ही चूक मात्र पदवीपर्यंत पोचलेल्या मुलांच्या लिखाणातही टिकून असते आणि तिच्याकडे लक्ष फार कमी दिलं जातं. आपण सहज म्हणतो, "मी काल जळगावला गेलो होतो." मूल "गेलो होतो"ला "हॅड गॉन" समजतं आणि लिहितं, "यस्टरडे आय हॅड गॉन टू जळगाव." इंग्रजीत इथे हवं "आय वेन्ट". मराठीत पूर्वी होऊन गेलेल्या एकाच गोष्टीबद्दलही "गेलो होतो" चालतं. इंग्रजीतल्या "हॅड"ला मात्र भूतकाळातली आणखी एक, नंतरची घटना लागते. तिच्याही आधी हे झालं होतं, एवढंच सांगायला "हॅड" येतो.

यासाठी एक साधी परीक्षा आहे. मराठी वाक्यातला "होतो" किंवा "होती" खोडून बघा आणि काय आधी, काय नंतर हा क्रम बदलतो का ते पाहा. "मी काल जळगावला गेलो" म्हटलं तर क्रम बदलत नाही, कारण दुसरी घटनाच नाही. म्हणजे साधा भूतकाळ. आता हे वाक्य घ्या: "आम्ही अमळनेर स्टेशनवर पोचलो तेव्हा सुरतची गाडी सुटली होती." यातला "होती" काढला तर गाडी आम्ही पोचल्यावर सुटली असा अर्थ होतो. क्रम उलटला. म्हणजे इथे "हॅड" हवाच: "व्हेन वुई रीच्ड अमळनेर स्टेशन, द ट्रेन हॅड लेफ्ट." मुलांना ही परीक्षा आवडते, कारण ती त्यांच्या स्वतःच्या भाषेत घ्यायची असते आणि उत्तर त्यांना आतून माहीत असतं. "जात होतो", "खेळत होती" अशा रूपांना ती लावू नका. तिथे क्रिया चालू होती, म्हणून "वॉज गोइंग", "वॉज प्लेइंग".

याच्या शेजारची चूक "आहे"ची. "मी अभ्यास केला आहे" हे "आय हॅव डन" बरोबर. पण "मी कालच अभ्यास केला आहे" असं आपण मराठीत म्हणू शकतो, इंग्रजीत "आय हॅव डन इट यस्टरडे" म्हणता येत नाही. काल, गेल्या आठवड्यात, दिवाळीत असा होऊन गेलेला वेळ वाक्यात आला की "हॅव" काढून टाका. मुलीला आधी असे शब्द अधोरेखित करायला लावा आणि क्रियापद शेवटी लिहायला सांगा.

"आय ॲम नो"

"मला माहीत आहे" यात "आहे" दिसलं म्हणून "ॲम". "मला दोन भाऊ आहेत" यातही तेच होतं. "मला केळी आवडतात" या वाक्यात मराठी क्रियापद केळ्यांच्या मागे जातं, म्हणून काही मुलं "बनानाज लाइक मी" असंही लिहितात. सगळ्यांचं मूळ एकच आहे: "मला"ने सुरू होणारं वाक्य. अशा वाक्यांची यादी करा: मला माहीत आहे, मला आवडतं, मला हवं आहे, मला आठवतं, मला भाऊ आहे, मला ताप आहे. इंग्रजीत या सगळ्यांची सुरुवात "आय"ने होते आणि लगेच खरं क्रियापद येतं: नो, लाइक, वाँट, रिमेंबर, हॅव. यादी पाठ झाली की "ॲम" आपोआप गळतो. अशी वाक्यं रोजच्या बोलण्यात फार आहेत, त्यामुळे यावर घालवलेला वेळ कधीच वाया जात नाही.

"ने" असलेल्या वाक्यांचा कर्मणी प्रयोगात उलट फायदा होतो. "सीमाने पोळ्या लाटल्या" यात मराठी क्रियापद पोळ्यांप्रमाणे बदललं आहे. इंग्रजी कर्मणी वाक्यातही "वॉज" की "वर" हे पोळ्यांवरूनच ठरतं. मुलीला फक्त दाखवून द्या की "लाटली" असेल तर "वॉज", "लाटल्या" असेल तर "वर".

"अ" की "ॲन"

"व्हॉवेल असेल तर ॲन" असं पाठ केलेली मुलं "ॲन युनिव्हर्सिटी" आणि "अ अवर" लिहितात, कारण ती अक्षर बघतात आणि नियम आवाजाचा आहे. आपल्याकडे याचा सोपा मार्ग आहे. तो इंग्रजी शब्द देवनागरीत लिहून बघा. पहिलं अक्षर अ ते औ किंवा ॲ, ऑ यांपैकी असेल तर "ॲन", व्यंजन असेल तर "अ". अवर: ॲन. आमदारासाठी एमएलए: ॲन. युनिव्हर्सिटी: अ. युनिफॉर्म: अ. वन-रुपी कॉइन: अ. आपली लिपी उच्चाराप्रमाणे चालते, तिचा इथे थेट उपयोग होतो. "द" कुठे लावायचा, हे मात्र इतक्या झटपट समजत नाही. ते वाचनातूनच अंगवळणी पडतं.

उताऱ्याच्या उत्तरातला "मी"

उताऱ्यात लेखक म्हणतो, "आय लॉस्ट माय बॅग." प्रश्न असतो, लेखकाचं काय हरवलं? मूल उत्तर लिहितं, "आय लॉस्ट माय बॅग." आशय बरोबर आणि गुण कापलेले. अप्रत्यक्ष कथनातही हेच होतं, कारण मराठीत "तो म्हणाला की मी येतो" अगदी चालतं. "की"नंतर बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवले तरी आपल्याला कळतं. इंग्रजीत "दॅट" आला की सांगणारा बदलतो: "ही सेड दॅट ही वॉज कमिंग." मुलीला एकच विचारा, "हा मी कोण?" उत्तर "लेखक" आलं की "आय"च्या जागी "ही" किंवा "शी" आणि "माय"च्या जागी "हिज" किंवा "हर" लिहायचं. काळ मागे नेण्याचा तक्ता त्यानंतर. बहुतेक ठिकाणी तो तक्ता आधी शिकवतात आणि सर्वनामं राहून जातात.

कवितेचं रसग्रहण

दहावीच्या तृतीय भाषा इंग्रजीच्या ८० गुणांच्या लेखी परीक्षेत रसग्रहणाला ५ गुण असतात. शीर्षक, कवीचं नाव, यमकाची रचना, अलंकार आणि मध्यवर्ती कल्पना, एवढंच लिहायचं असतं. गाइडमधून पाठ केलेलं रसग्रहण शेजारच्या कवितेला चिकटवून येणारी मुलं दरवर्षी दिसतात. पाठांतरावर रागावून उपयोग नाही. त्यांना कविता ऐकायला कुणी लावलेलं नसतं, हे खरं कारण आहे.

यमक कानाचं असतं. मुलं ओळीच्या शेवटच्या शब्दाचं स्पेलिंग बघतात आणि चुकतात. "स्टार" आणि "आर" यांची शेवटची अक्षरं वेगळी, पण यमक जुळतं. "हाय" आणि "स्काय" यांचंही तसंच. उलट "लव्ह" आणि "मूव्ह" यांचं स्पेलिंग सारखं दिसतं आणि उच्चार जुळत नाही. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं, तरी त्यांची यमकं अचूक आहेत. जळगाव जिल्ह्यातल्या मुलाला एवढं सांगितलं की तो पुस्तकावरून नजर काढून कविता म्हणायला लागतो. मोठ्याने म्हणा, शेवटचे शब्द देवनागरीत एकाखाली एक लिहा, सारख्या आवाजांना सारखी खूण करा आणि मग त्या खुणांच्या जागी ए, बी, सी लिहा.

अलंकारांची भीतीही विनाकारण आहे, कारण उपमा, रूपक, अनुप्रास, चेतनगुणोक्ती हे मुलं मराठीच्या तासाला शिकतात. सिमिली म्हणजे उपमा: "लाइक" किंवा "ॲज" शोधा. मेटाफर म्हणजे रूपक, ॲलिटरेशन म्हणजे अनुप्रास, पर्सॉनिफिकेशन म्हणजे चेतनगुणोक्ती. मराठीची वही शेजारी उघडी ठेवून इंग्रजी कविता वाचली तर यातलं बरंचसं नव्याने शिकावं लागत नाही. अलंकाराचं नुसतं नाव लिहून थांबू नका, कवितेतली ती ओळही द्या.

मध्यवर्ती कल्पना आधी मराठीत एका वाक्यात सांगून घ्या: कवीला काय म्हणायचंय? ते वाक्य मुलीचं स्वतःचं असावं, वेडंवाकडं असलं तरी चालेल. मग त्याचं साधं इंग्रजी करा. कवी एकच असतो, म्हणून "द पोएट सेज", "द पोएट टेल्स". वर सुटलेली एसची चूक इथे हटकून परत येते, तेवढं वाक्य पुन्हा तपासा.

मोबाइलवरचं भाषांतर

मराठी वाक्य मोबाइलवर टाकून आलेलं इंग्रजी वहीत उतरवलं की वही सुंदर दिसते आणि ठरवण्याचा सराव पुन्हा बुडतो. मोबाइल काढून घ्या असं मी म्हणणार नाही. शेतावरून रात्री उशिरा घरी येणाऱ्या माणसांच्या घरात मुलीला विचारायला दुसरं कुणी नसतं. क्रम तेवढा बदला. आधी तिने स्वतःचं वाक्य लिहायचं, मग मोबाइलवर बघायचं, आणि दोन्हींत जिथे फरक असेल तिथे गोल करायचा. ते गोल तिने दुसऱ्या दिवशी शाळेत बाईंना दाखवावेत. एवढ्या नेमक्या ठिकाणी अडलेल्या मुलीला उत्तर देणं शिक्षकालाही सोपं जातं.

एवढं करूनही फरक पडला नाही तर

मग मूल वाचू शकतं का, ते तपासा. आठवीच्या मुलीला पाचवीचं इंग्रजीचं पुस्तक द्या आणि एक परिच्छेद मोठ्याने वाचायला सांगा. ओळीओळीला अडखळत असेल तर व्याकरणाचा गृहपाठ काही आठवडे बाजूला ठेवायला हवा. जो शब्द वाचता येत नाही त्याचं रूप बदलता येत नाही. अशा मुलीकडून खालच्या इयत्तेचं पुस्तक रोज थोडं वाचून घ्या, तेच पान सलग दोन-तीन दिवस, अडखळणं थांबेपर्यंत. वर्गात तिला हे पुस्तक सगळ्यांसमोर काढायला लावू नका. लाज वाटली की ती वाचायचंच सोडून देईल. वाचन सुरळीत झालं की साध्या भूतकाळापासून सुरुवात करा, कारण गोष्टींच्या उताऱ्यांवरची बहुतेक उत्तरं त्याच काळात लिहायची असतात.